कल्लाप्पानं निवडलेली चाकं

मित्रांनो, लांबनं बघून मला खटारा म्हणू नका. मी जुनी पिकअप हाय, हे खरं. रंग उडालाय, डाव्या दिव्याची काच तडकलीया, दार लावायचं म्हंजे दोनदा आपटावं लागतंय. पर ऐन थंडीतबी पहिल्या किल्लीला उठती मी. तुमच्यातलं किती जण पहिल्या हाकेला उठता? न्हाय न्हवं? मग गप ऐका.

माझं तोंड जीपचं आन् पाठ ट्रकची. फुडं माणसं बसायची केबिन, मागं लाकडी हौदा. हौदा बेळगावच्या सुतारानं सागवानात बांधला. फळ्या अशा घट्ट की मधनं मुंगी जायची न्हाय. पहिली वर्सं मी टिळकवाडीत काढली. तिथं माझा मालक बंगले बांधायचा. विटा, वाळू, खिडक्यांच्या चौकटी, सगळं माझ्या पाठीवरनं गेलं. मास्तरांच्या, वकिलांच्या घरभरणीला मला हार पडायचा. एका वकिलीणबाईनं तर बॉनेटला हळदकुंकू लावलं, आन् दुसऱ्या दिवशी तिथंच पापड वाळत घातले. तापल्या पत्र्यावर लवकर वाळत्यात म्हणं. मान कसला आन् काम कसलं, हे मोठ्या लोकांत कळत न्हाय.

मग मालकानं लॉरी घेतली आन् मला चिंचंखाली उभं केलं. उभं केलं ते केलंच. हवा गेली, टायर जमिनीवर चेपले, माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालाय लागल्या. मित्रांनो, पळून झिजलेला टायर बरा, एका जाग्याला बसून चिरलेला लई वाईट. माझे चारी चिरले. जवळनं जाणारी माणसं म्हणायची, "हिचं आता लोखंडच."

पंच्याहत्तर साली कल्लाप्पा आला. निपाणीजवळचा शेतकरी, डोक्याला पटका, आवाज असा की बांधावरनं बोलला तर गावात कळावं. बरोबर त्याचा ल्योक परशराम. परशराम दुसऱ्याची लॉरी मुंबईच्या लाइनीवर चालवायचा. घरी कधीतरी यायचा, आला की पाठ टेकायच्या आत मालकाचं बोलावणं. त्याची बायको अंबुबाई त्याला म्हणाली हुती, "तुमचं तोंड त्या लॉरीला जास्ती ठावं. माझ्यापरीस तिच्याशीच लगीन लावायचं हुतं."

म्हणून परशरामानं बापाकडं हट्ट धरला. लहान गाडी घ्यायची, मळ्यातला आन् शेजारच्या गुऱ्हाळातला गूळ संकेश्वरला न्यायचा, सांजच्याला घरात जेवायचं. कल्लाप्पाला जिचा लई नाद हुता ती बैलजोडी त्यानं इकली आन् मला घेतलं. पर अट घातली.

"ह्यो हंगाम बघीन. भरल्या गाडीनं तवंदीचा घाट चढून गूळ पोचला तर हिला ठेवू. न्हाय पोचला तर गाडी इकून बैल आणणार, आन् तू जा आपला लॉरीवर."

परशराम मान हलवून "व्हय आप्पा" म्हणाला. घाट मला चढायचा हुता, आन् घरी ऱ्हायचं का न्हाय हे परशरामाचं ठरणार हुतं.

आता चाकं घ्यायची हुती. आन् चाक म्हटलं की कल्लाप्पाफुडं बोलायची कुणाची टाप न्हवती. त्या भागात बैलगाडीचं चाक त्याला दावल्याबिगर कुणी घ्यायचं न्हाय. तो आऱ्याआऱ्यावर बोटाच्या सांध्यानं ठकठक करायचा, कान लावायचा, चाक सोडून घरंगळताना बघायचा. चाकावर लोखंडाची पट्टी चढवत्यात, तिला धाव म्हणत्यात. ती लालबुंद तापवून बसवताना नुसत्या आवाजावरनं कल्लाप्पा सांगायचा, "सैल हाय, काढ." आन् ती सैलच असायची.

बेळगावात कॅम्पाच्या अंगाला आण्णाप्पाचं दुकान हुतं, मला तिथवर ढकलत नेलं. लष्करातनं लिलावात निघालेला माल तिथं यायचा. डिस्कांच्या उतरंडी, टायरांचे ढीग, आन् मधी पान खाऊन लाल झालेला आण्णाप्पा.

"बर्री, बर्री! या अण्णा, बसा. काय पायजे?"

"हिला चाकं," कल्लाप्पा म्हणाला.

आण्णाप्पानं माझ्याभवती एक फेरी मारली. "हिचं माप सहा सोळा. टायर सहा इंच रुंद, आतली लोखंडी डिस्क सोळा इंची. हे बघा, मूळ माप. करणाऱ्यानं ठरवलेलं."

कल्लाप्पानं चाकाकडं बघून नाक मुरडलं. "हे? हे पोरांनी काठीनं पळवायचं चाक हाय."

आण्णाप्पानं कुठल्याशा मोटारीचं चकचकीत चाक काढलं. परशरामानं वाकून बघितलं. "आप्पा, हेच्या बोल्टाची भोकं जुळत न्हाईत. आपली लांब लांब हैत."

"मग ते काय उभं हाय कोपऱ्यात?" कल्लाप्पाचे डोळे चमकले.

"ते साडेसात सोळा. लष्करी गाडीचं. डिस्क सोळाचीच, पर टायर रुंद आन् उंच. दात बघा कसं हैत, फाळावानी."

कल्लाप्पानं ते चाक उभं केलं. वितीनं मापलं. मांडीला लावून बघितलं, घरंगळून बघितलं. मग सांध्यानं ठोकून कान लावला.

"अवो, चाक हाय ते, कलिंगड न्हवं!" आण्णाप्पा हसला.

"तू गप. धाव कशी बसलीया बघतोय."

"रबराला कुठली धाव अण्णा!"

परशराम हळूच म्हणाला, "आप्पा, चढाला जड जाईल हे."

"जड?" कल्लाप्पा कडाडला. "चाकं बघण्यात माझी हयात गेली रं! चाक थोर असलं की खड्ड्यात पडत न्हाय, चिखलात रुतत न्हाय, बैलाला ओढ कमी लागती. बारक्या चाकाची गाडी कुठल्या बैलानं सुखानं ओढलीया, सांग!"

परशराम वाकून नट मोजाय लागला. बापानं लाडकी बैलजोडी त्याच्यापायी इकली हुती. त्या बापाला भर दुकानात कसा खोडणार?

"भोकं जुळत्यात, नट बसतोय," आण्णाप्पा पिंक टाकून म्हणाला. "पर नट बसला म्हंजे चाक तिचं झालं असं न्हाय हं अण्णा. सांगून मोकळा झालो."

कल्लाप्पानं ऐकलं न्हाय. चारी चाकं चढली.

आन् मित्रांनो, मी दिसत हुते मात्र झोकात! चांगली तीन बोटं उंच झाले. रस्त्यानं जाताना माणसं सायकली थांबवून बघायची. काकतीला चहाला थांबलो तर चहावाला परशरामाला म्हणाला, "मिल्ट्रीतनं पळवून आणलीया काय?" कल्लाप्पानं बिडी पेटवली आन् मिशीतल्या मिशीत हसला.

मळ्यात तर माझा दराराच झाला. पाट फुटून काळ्या रानात चिखल झाला हुता. शेजारच्या मळ्यातल्या मारुतीरावाची बैलगाडी कण्यापातूर रुतलेली. मी गुळाचे रवे, म्हंजे ढेपा, घेऊन तिच्या शेजारनं अशी आले की चिखल मारुतीरावाच्या पटक्यावर उडाला. कल्लाप्पा बांधावर उभा. "मारुती, बघितलंस का? चाकं कुणी निवडल्यात?" त्या दिवशी सगळ्या गल्लीला हे चारचारदा ऐकावं लागलं.

पर परशरामाची नजर बारीक. त्याला काय काय दिसाय लागलं हुतं. वेगाचा काटा तिसावर, आन् रस्त्याकडंचे दगड मात्र भराभर मागं पळायचे. काटा खोटं बोलत हुता, कारण चाक एका फेऱ्यात मापापरीस जास्ती रस्ता खायचं. डावीकडं पुरतं वळलं की टायर मडगार्डला घासायचा, खर्र खर्र. ब्रेक दाबला तर थांबायला उशीर लागायचा. त्यानं अंबुबाईला सांगितलं. ती म्हणाली, "मामंजींस्नी सांगा की." तो म्हणाला, "तू सांग." दोघंबी गप बसली.

मग घाटाचा दिवस उगवला.

हौदा गुळानं काठोकाठ भरला. कल्लाप्पा केबिनीत ऐटीत बसला. निपाणी सोडली, तवंदीचा चढ लागला, आन् माझा जीव वर आला. दुसऱ्या गेरात दम निघंना. परशरामानं पहिला टाकला. पहिल्यातबी इंजिन कुंथाय लागलं. क्लच जळाल्याचा वास आला, पाणी उकळून टोपणातनं वाफ निघाली. डाव्या वळणावर टायर मडगार्डाला घासला आन् मी थांबले. थांबले ती मागं सरकाय लागले.

"आप्पा, दगूड!"

कल्लाप्पानं म्हातारपण इसरून उडी टाकली आन् मागच्या चाकाखाली धोंडा सारला. बरा सारला, न्हाईतर आज ही गोष्ट दुसऱ्या कुणीतरी सांगितली असती.

तेवढ्यात खालनं घुंगरं वाजत आली. मारुतीरावाची रिकामी बैलगाडी. बैल आपलं रमतगमत चढत हुते.

"परशराम," मारुतीराव गाडी थांबवून म्हणाला, "फुडं बैल जुपू का? भाडं घेणार न्हाय, शेजारधर्म म्हणून!" मग माझ्या चाकांकडं बघून, "चाकं मात्र झ्याक हैत. कुणी निवडली वो?"

कल्लाप्पानं हौद्याची मागली फळी उघडली. अर्धे रवे मारुतीरावाच्या गाडीत गेले. बैलं फुडं, मी मागं, असा आमचा गूळ संकेश्वरात पोचला. बाजारात लोक हसले ते मी ऐकलं. लई राग आला. माझ्या इंजिनात खोट न्हवती, हे मला ठावं. पर गाडीचं कोण ऐकतंय?

घरी आल्यावर कल्लाप्पा सोप्यात उभा ऱ्हाऊन म्हणाला, "इंजिन मेलेलं हाय हिचं. येत्या बाजाराला इकून टाकायची." चाकांबद्दल एक अक्षर न्हाय. ती त्यानं निवडली हुती न्हवं! मेलेलं इंजिन कबूल, पर चुकलेलं चाक कबूल न्हाय.

परशरामानं काय केलं? काही न्हाय. आत गेला आन् वळकटी बांधाय लागला. लॉरीमालकाला निरोपबी धाडला, येतो म्हणून. अंबुबाई दारात उभी ऱ्हाऊन बघत हुती. रडली न्हाय. रडण्यातली बाई न्हवंच ती.

त्या घरात एक रीत हुती. सुनंनं सासऱ्याशी तोंड वर करून बोलायचं न्हाय. अंबुबाईला काय सांगायचं असलं की ती म्हशीला सांगायची, चुलीला सांगायची, आन् सासऱ्यानं आपलं आपण समजून घ्यायचं. मी आल्यापास्नं ती मला सांगायची. म्हशीपरीस मला बरं कळतंय, हे तिनं वळखलं हुतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कल्लाप्पा सोप्यात तंबाखू मळत बसला हुता. मी अंगणात. अंबुबाईनं जातं मांडलं, आन् माझ्याकडं तोंड करून बसली.

"काय गं पिकअपबाई," ती मोठ्यानं म्हणाली, "तुझं इंजिन मेलंय म्हणत्यात. मग त्या गाऱ्यातनं गुळासकट तुला भायेर कुणी काढलं? शेजारणीनं?"

कल्लाप्पाचा अंगठा थांबला.

"मी आपली अडाणी बाई. मला जात्यातलं तेवढं कळतंय. खुंटा कडंला हाय म्हणून दगूड फिरतोय. बघ, एका हातानं फिरतोय." तिनं दोन फेरे दिले. "आता खुंटा सोडला." तिनं जात्याच्या मधल्या तोंडात, जिथनं दाणं घालत्यात तिथं, बोटं रोवली आन् जोर लावला. दगूड हललाच न्हाय. "बघितलंस? दगूड तोच, बाई तीच. पर मधनं धरलं की हलंना."

कल्लाप्पा सोप्याच्या काठाला सरकला.

"बैल काय करत्यात? गाडीला फुडनं वडत्यात, चाक आपलं खाली फिरतंय. म्हणून बैलाला थोर चाक गोड लागतंय. मामंजी म्हणत्यात ते खोटं न्हाय. पर तुला बाई फुडनं कोण वडतंय? तुझं इंजिन कण्याला धरून मधनंच चाक फिरवतंय, मी आता धरलं तसं. मग जातं जितकं थोर, तितकं त्या मधनं फिरवणारीचं मनगाट मोडणार, का न्हाय? तूच सांग."

मी काय सांगणार? मला हॉर्न वाजवायचा हुता, पर परशराम केबिनीत न्हवता.

कल्लाप्पा उठला. आला आन् जात्यावर बसला. मित्रांनो, पटका बांधलेला बाप्या जात्यावर बसलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. त्यानं खुंट्यानं फिरवलं. मग मधी बोटं घालून फिरवाय गेला, मिशा थरथरल्या, दगूड जाग्याला. मग डाळीचं बारकं जातं मागवून घेतलं. ते मधनं धरूनबी फिरलं. पुन्यांदा थोरलं. पुन्यांदा बारकं. गल्लीतली राजाबाई ताक मागाय आलती, ती दारातच थिजली. "अगं बया! कल्लाप्पा मामा दळाय बसलं!"

"तुझं काय हाय ते घेऊन जा गं," कल्लाप्पा खेकसला. मग कधी न्हवं ते माझ्याकडं बघून बोलला. "ए गाडे, हिला सांग, पीठ ऱ्हाऊ दे. च्या ठेव म्हणावं." आन् आत तोंड करून वरडला, "परश्या! ती वळकटी सोड. बेळगावला जायचंय."

आण्णाप्पाच्या दुकानात ह्या बारीला कल्लाप्पानं ठोकलं न्हाय, इचारलं. ओझं किती पेलल? आत कापडाचे थर किती? पुरतं वळल्यावर घासंल का? मूळ सहा सोळा घालावं तर गुळाच्या वजनाखाली टायर चेपला असता, चिखलातबी कमी पडला असता. शेवटाला साडेसहा सोळा ठरलं. उंचीनं मूळ मापापरीस थोडंच जास्ती, पर आठ थरांचं, जाड. परशरामानं स्टिअरिंग या टोकापास्नं त्या टोकापातूर फिरवलं, आन् कल्लाप्पानं खाली बसून टायर आन् मडगार्डामधी, टायर आन् स्प्रिंगच्या पाट्यामधी बोटं घालून बघितली. चारी बोटं सुखानं गेली. स्टेपनीबी त्याच मापाची घेतली. पाची चाकं एका घरची.

"आज कलिंगड बडवायचं न्हाय?" आण्णाप्पानं इचारलं.

"आज तुलाच बडवीन. कसला यापारी तू! त्या दिवशी मला चाकं दिलीसच कशी?"

"तुम्ही ऐकता काय अण्णा?"

"न्हाय," कल्लाप्पा म्हणाला, आन् दोघंबी हसले.

पुन्यांदा गूळ भरला, तेवढाच. पुन्यांदा तवंदीचा चढ. निपाणीतनं निघताना परशरामानं माझ्या पाण्याचं टोपण दोनदा बघितलं. आज न्हाय जमलं तर उद्या लॉरी. चढ लागला. दुसरा गेर पडला आन् मी धरला. इंजिनाचा आवाज भरून आला, कुंथला न्हाय. मागच्या खेपंला जिथं अडकले त्या डाव्या वळणावर परशरामानं पहिला टाकला, चाक पुरतं वळलं, घासलं न्हाय, आन् मी गुरगुरत वळण काढलं. वाफ न्हाय, वास न्हाय. फुडं मारुतीरावाची बैलगाडी चढत हुती. परशराम गुमान बाजूनं निघाला हुता, पर कल्लाप्पानं आडवा हात घालून माझा हॉर्न दाबला तो माथा येईस्तवर सोडला न्हाय. बैल दचकले. मारुतीरावानं काय शिव्या दिल्या त्या तुम्हास्नी सांगत न्हाय, तुम्ही लहान हाय.

माथ्यावर परशरामानं मला उभं केलं. स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. कल्लाप्पा खाली उतरला, एकेका टायरावर तळवा ठेवून तापलाय का बघितलं आन् म्हणाला, "निरोप धाड त्या लॉरीवाल्याला. माझा ल्योक येत न्हाय म्हणावं."

ती साडेसात सोळाची चाकं काय झाली? वाया गेली न्हाईत. कल्लाप्पानं लोखंडी कणा करवून त्यातली दोन, बैल इकल्यापास्नं पडून असलेल्या बैलगाडीला बसवली, दोन राखून ठेवली. तिथं म्हाताऱ्याचं म्हणणं सोळा आणे खरं ठरलं. कुणाचेबी बैल जुपा, गाडी लोण्यावानी सरकायची, चिखलाला भीक घालायची न्हाय. सगळ्यात आधी मारुतीरावच ती उसनी मागून नेऊ लागला. आता गावात कुणी टेंपो घेतला, पिकअप घेतली, की चाकाचा सल्ला घ्यायला कल्लाप्पाकडंच येतोय. तो आधी इचारतो, "ह्याला फुडनं कोण वडणार, का मधनं कोण फिरवणार?" समोरच्याला कळलं न्हाय की त्याला जात्यावर बसवतो. अंबुबाईचं दळण असं परस्पर निघतंय.

मित्रांनो, आज मला येऊन धा वर्सं उलटून गेली. टायर दोन बाऱ्या बदलले, माप त्येच ठेवलं. तुमच्या घरात गाडी असू दे, सायकल असू दे, न्हाईतर ढकलगाडी असू दे, तिला दुसऱ्याचं बघून चाक घालू नका. तिचं ओझं बघा, तिचा रस्ता बघा, तिचा जीव बघा. सकाळी निघताना चाकावर हात फिरवा, हवा बघा, नट आवळा. परशराम रोज बघतो. तेला येळ किती लागतो? तुम्ही तोंड धुताना कुरकुरता त्यापरीस कमी. आन् काम नसलं तरी उभं करून इसरू नका. आमच्यासारख्यांस्नी झिजायचं भ्या न्हाय, इसरण्याचं हाय.

मला मात्र कुणी इसरत न्हाय. सांजच्याला संकेश्वरहून येताना मळ्याच्या वळणावर माझा आवाज आला की अंबुबाई तव्यात भाकरी टाकती. ती फुगायच्या आत मी परशरामाला दारात आणून उभा करती.